माझ्या बेटाचा नकाशा

आम्ही कळंब्याला राहतो. सुट्टीत मी संगणकावर एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला. डोंगर, जंगले, किल्ले, सारे माझ्या हाताने रेखाटले. आठ दिवस लागले.

मित्र म्हणाले, "वा! फारच छान!" मला आनंद झाला; पण नकाशात काय सुधारावे, ते कळले नाही.

मग मी तो भूगोलाच्या सरांना दाखवला. ते म्हणाले, "डोंगरातच या नदीला चार फाटे कसे फुटले?"

"सर, बेट काल्पनिक आहे," मी जरा रागानेच म्हणालो.

"बेट काल्पनिक असले, तरी पाणी उताराकडेच वाहणार ना? समुद्राजवळच्या सपाट जमिनीवर नदीला फाटे फुटतात. डोंगरातून येताना नद्या बहुधा एकमेकींना मिळतात. प्रयाग चिखलीला जाऊन ये."

रविवारी अब्बांबरोबर मी तेथे गेलो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी तेथे एकत्र येते व पुढे पंचगंगा वाहते. पाचवी नदी सरस्वती गुप्त आहे, असे लोक मानतात. माझा राग गेला. चूक माझीच होती.

घरी येऊन मी सर्व नद्या पुसल्या व पुन्हा काढल्या. सरांनी नकाशा पाहिला आणि विचारले, "आता शहर कोठे वसवशील?"

मी संगमावर बोट ठेवले. सर हसले.

शब्दार्थ
काल्पनिक – मनाने रचलेले
उतार – खाली जाणारी जमीन
संगम – नद्या मिळतात ती जागा

स्वाध्याय
१. मित्रांच्या आणि सरांच्या बोलण्यात कोणता फरक होता?
२. मुलाचा राग का गेला?
३. तुमच्या गावाजवळच्या नदीचा किंवा ओढ्याचा नकाशा काढा व वर्गात दाखवा.