चर्चच्या माडीवरून स्टुडिओत

चि. भाच्यास,

गोव्यातल्या पॅरिश शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवली जाई. शिकवणारा मेस्त बहुधा कडक असे. मूल आधी पाच रेघांवरचे स्वर नाव घेऊन गाई, मग हाती व्हायोलिन येई, आणि लवकरच मिस्सेत नाहीतर क्रुसापुढच्या लादाइनीत, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत, ते वाजवावे लागे. हे शिक्षण उपासनेच्या गरजेतून आलेले. त्यावर कोणी पोट भरील, हा विचार त्यामागे नव्हता. तरीही मुंबईच्या चित्रपटसंगीतातले अनेक वादक आणि संयोजक याच शाळांतून आले. संगीतकाराला चाल सुचे; पण प्रत्येक वाद्याने कुठे काय वाजवायचे हे कागदावर उतरवणारा माणूस लागे, आणि ती विद्या या मंडळींकडे होती.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांपैकीच. वडील चर्चचा गायकवृंद सांभाळीत. १९४३ मध्ये अँथनी मुंबईस आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले, पुढे संयोजक झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. काम भरपूर होते, पण ध्यास वेगळा होता: रागसंगीत मोठ्या वाद्यवृंदात बसवण्याचा. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले आणि नंतर गावी परतले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गाण्यात गुंफले. नाव घरोघर पोचले. ते खऱ्या माणसाचे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होते. शिष्याने ऋण फेडण्याची याहून गमतीदार तऱ्हा सापडणे कठीण.

सिनेमाला वाजवले म्हणजे श्रद्धा विकली, असे घरची वडील मंडळी म्हणतात. हा वाद जुना आहे आणि फक्त आपल्याकडचा नाही. थॉमस डॉर्सी हा जॉर्जियातल्या बॅप्टिस्ट उपदेशकाचा मुलगा. त्याने ब्लूज या लौकिक संगीतात नाव कमावले. तेच वळण त्याने भक्तिगीतांना दिले, तेव्हा शिकागोच्या अनेक चर्चनी त्याला दारातूनच परत पाठवले. १९३२ मध्ये पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखातून रचलेले त्याचे गीत पुढे जगभरच्या चर्चमध्ये गेले, आणि शिकागोच्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चचा गायकवृंद त्याने कित्येक दशके चालवला. ब्लूजमध्ये तयार झालेला हात चर्चमध्ये निरुपयोगी ठरला नाही.

तेव्हा मुंबईत रेकॉर्डिंगच्या शिफ्ट करू लागलेल्या वादकाने घरच्या टोमण्यांपेक्षा रियाजाची चिंता करावी. संगणकावर सूर जुळवून मिळतात म्हणून स्वरलिपीचे वाचन सोडू नये. रविवारची मिस्सा एखाद्या रेकॉर्डिंगमुळे चुकेल. पण चुकवण्याची सवय होऊ देऊ नये. चर्चमध्ये जे फुकट मिळाले, ते एखाद्या मुलाला फुकट शिकवावे. गोन्साल्विसांची सांगता येण्याजोगी सर्वांत मोठी कमाई त्यांचे शिष्य हीच आहे.

यंदा नाताळच्या मिस्सेला आपल्या चर्चच्या माडीवर दुसऱ्या व्हायोलिनची जागा रिकामी आहे. सराव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून.

— मामा