बॉयलरच्या कामावरील किरणे

सभासद बंधूंनो, उसाची लागण बाजूला ठेवून आज आम्ही वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. फलटण भागातली आपली पोरं वेल्डिंग, फिटरकाम शिकून बॉयलरच्या कामावर जातात, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

बॉयलरच्या नळीचा जोड आतून पक्का आहे का, हे पाहण्यासाठी इरिडियम-१९२ या किरणोत्सारी पदार्थाने त्याचा फोटो घेतात. ही किरणे दिसत नाहीत, त्यांना वास नाही. म्हणूनच माणूस गाफील राहतो.

२००४ च्या नियमांप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला हे काम देता येत नाही. कामगाराला मात्रा मोजणारा बॅज मालकाने द्यावा लागतो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. आपली मात्रा किती भरली, हे पोराने बेधडक विचारावे. तो त्याचा हक्क आहे. पण बॅज खुंटीला टांगून काम केले, तर हक्क कसला मागणार?

मदतनीसाने दोरीच्या आत पाऊल टाकू नये. अंतर दुप्पट केले की मारा चौथाईवर येतो. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

भंगाराचेही तसेच. दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-६० २०१० साली मायापुरीच्या भंगारबाजारात फोडला गेला आणि एक कामगार दगावला. डब्यावर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले, तर तो उघडू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.