जुन्या कार्डास जोडीदार

विद्यार्थिमित्रहो, घरच्या संगणकावर खेळ अडखळूं लागला, कीं तुम्ही वडिलांपाशीं महाग प्रोसेसरचा हट्ट धरतां. आमचें सांगणें एवढेंच कीं, आधीं दोष कोणाचा तें पाहा.

खेळांतील हालचालींचा हिशेब प्रोसेसर करतो. चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. ही बैलजोडीच होय. एक बैल थकलेला असतां दुसरा कितीही तरणा आणला, तरी गाडी थकलेल्याच्याच चालीनें चालते. म्हणून चित्राचें रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० करून पाहावें. खेळाची गति वाढली, तर अडचण कार्डाची. न वाढली, तर बहुधा प्रोसेसरची. पहिल्या प्रसंगीं नवा प्रोसेसर घेणें म्हणजे वडिलांचे पैसे मोती तलावांत टाकणें होय!

दुसऱ्या प्रसंगीं काय घ्यावें? समजा, कार्ड २०१६ सालचें जीटीएक्स १०६० आहे. त्यास सहा कोअरचा रायझन ५ ५६०० पुरून उरेल. परंतु ज्या घरीं त्याच संगणकावर अभ्यासही होतो, तेथें आम्ही २०२१ सालचा ५६००जी सुचवूं. दोहोंस एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड लागतो. ५६००जी खेळांत किंचित् मंद खरा. परंतु चित्र दाखविण्याची सोय त्याच्या पोटांतच आहे, ५६०० मध्यें ती नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जुनें कार्ड बंद पडलें, तर पडद्याची तार मदरबोर्डास लावावी. काम चालू राहील.

जोडीदार निवडतांना केवळ बळ पाहूं नये. अडचणींत जो साथ देतो, तोच खरा.