ग्लायसिनची तीन रूपे

मिठागरात उन्हाच्या तापाने पाणी आटते व तळाशी मिठाचे दाणे उरतात, हे आपण गोमंतकीय लहानपणापासून पाहत आलो आहोत. पाणी घटले की विरघळलेले कण ठराविक रचनेत एकत्र येऊ लागतात. स्फटिक जन्मतो तो असा. मीठ बिचारे सरळमार्गी, त्याचे दाणे घनाकृती. ग्लायसिनचे तसे नाही.

ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल होय. १८२० साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने जिलेटिन सल्फ्युरिक आम्लाबरोबर उकळून ते मिळविले आणि गोड चवीमुळे त्यास 'जिलेटिनची साखर' म्हटले. नुसत्या पाण्यातून त्याचे बहुधा अल्फा स्फटिक मिळतात. पाण्यात मद्यार्क मिसळला तर बीटा, आणि द्रावण पुरेसे आम्ल वा अल्कधर्मी केले तर गॅमा.

आम्ही कलाशाखेचे, आम्हांस येथे गावोगाव फिरणारा बहुरूपी आठवतो. सोंगे निराळी, माणूस तोच. येथेही रेणू तोच, बदलते ती त्यांची मांडणी. अल्फामध्ये रेणू जोडीजोडीने, एकमेकांकडे तोंड करून बसतात. गॅमामध्ये ते मळसूत्रासारखे वळत एकाच दिशेने जातात. म्हणून गॅमाचा स्फटिक दाबला असता त्यात विद्युत्‌भार प्रकटतो, अल्फाच्या स्फटिकात तो प्रकटत नाही.

नेहमीच्या तापमानास सर्वांत स्थिर रूप गॅमा. मग आधी अल्फा का यावे? निसर्ग एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेत नाही, जवळची पायरी आधी गाठतो, असे ऑस्टवाल्ड यांनी १८९७ साली सांगितले. बीटा दमट हवेत लवकरच अल्फा होते. कोरडे ठेवलेले अल्फा मात्र दीर्घकाळ तसेच राहते. उलट गॅमा सुमारे १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याचे अल्फा बनते.

हा केवळ प्रयोगशाळेतील खेळ नव्हे. एड्सवरील रिटोनाविर हे औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ साली त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक दुसरे, कमी विरघळणारे स्फटिकरूप दिसू लागले. रेणू तोच, परंतु जे विरघळत नाही ते रक्तात पोचणार कसे? त्या नव्या रूपाचा सूक्ष्म कण जेथे शिरला तेथे जुने रूप मिळविणेच दुरापास्त झाले. कॅप्सूल परत घ्याव्या लागल्या, आणि १९९९ साली नव्या घडणीची कॅप्सूल येईपर्यंत रुग्णांना तेच औषध द्रवरूपात, अत्यंत वाईट चवीचे, घ्यावे लागले.