अंगणांतील शाळा

खेळणीं विकत घेण्यास पैसा नाहीं, म्हणून बाळकांचें शिक्षण अडावें काय? १९४५ सालीं बोर्डी येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं गोरगरिबांच्या मुलांकरितां बालवाडी काढिली. मुलें येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. पानें, बिया, शिंपले हींच साधनें झालीं.

शाहूवाडी तालुक्यांतील मातापित्यांनो, अशीं साधनें तुमच्या घरींही आहेत. मुलाकडून दहा चिंचोके मोजवून घ्या. भात व नाचणी मिसळून निवडावयास द्या. ताटांत बारीक माती पसरून बोटानें अक्षर गिरवूं द्या. मात्र तीन वर्षांखालील मुलांस बिया व खडे देऊं नका; घशांत अडकून प्राण जाण्याचें भय असतें. रोज अर्धी घटका मुलाजवळ बसा. तुमचें लक्ष हेंच पहिलें साधन होय.