भेंडवळचा घट आणि तर्कशास्त्राचा तास

भाची : आत्या, बारावीनंतर तत्त्वज्ञान घेते म्हटलं, तर घरात सगळे गप्पच झाले. तू जन्मभर हाच विषय शिकवलास. खरं सांग, मिळतं काय त्यातून?

आत्या : आपल्या जळगाव जामोद तालुक्यातलंच घे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी भेंडवळला शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहून भाकीत सांगतात. तुझे बाबा ऐकतात ना?

भाची : दरवर्षी. खरं ठरतं म्हणतात.

आत्या : ‘पाऊस कमीजास्त, कपाशी साधारण’ असं भाकीत असलं, तर ते खोटं ठरायला काय घडायला पाहिजे?

भाची : साधारण म्हणजे एकरी किती क्विंटल, तेच ठरलेलं नाही. मग काहीही झालं तरी ते बसणारच!

आत्या : कार्ल पॉपर या तत्त्वज्ञानं विज्ञानाची हीच कसोटी मांडली. आपलं म्हणणं कशानं खोटं ठरेल, हे आधी सांगायची तयारी हवी. लोणारचं सरोवर बघ. ते ज्वालामुखीनं झालं की उल्केनं, हा वाद कितीतरी वर्षं चालला. मग विवराच्या तळातल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. ही काच प्रचंड आघाताच्या दाबानंच तयार होते, ज्वालामुखीत नाही. 1973 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीची बाजू लंगडी पडली. विवराच्या वयावर मात्र अजून मतभेद आहेत.

भाची : मग बाबांनी भेंडवळला जाऊ नये?

आत्या : तसं मी म्हटलंच नाही. भाकीत खरं का, हा एक प्रश्न. पेरणीच्या तोंडावर चार गावची माणसं एकत्र येऊन धीर घेतात, त्याला मोल आहे का, हा दुसरा. पहिला पर्जन्यमापकानं सुटेल, दुसरा नाही सुटणार. आपल्याकडची निम्मी भांडणं हे दोन प्रश्न एकात कालवल्यामुळे होतात. ते वेगळे करण्याची सवय तीन वर्षं रोज घासून लागते, म्हणून वर्ग हवा, शिक्षक हवा, आपलं म्हणणं खोडून काढणारी वर्गमैत्रीण हवी. घरी बसून नुसती पुस्तकं वाचली, तर आपल्याला पटतं तेवढंच आपण उचलतो.

भाची : माझं इंग्रजी कच्चं आहे गं.

आत्या : दि. य. देशपांडे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांनी तर्कशास्त्रावर ‘युक्तिवादाची उपकरणे’ मराठीतच लिहिलं, आणि 1990 मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ मासिक सुरू केलं. शेजारच्या खानदेशात अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी अमळनेरला आले ते तिथे अभ्यास करायला. पुढे इंग्रजी लागेलच, पण विचार करायला मराठी पुरते.

भाची : आणि नोकरीचं काय? बाबा तेच विचारतील.

आत्या : विचारू दे, रास्तच आहे ते. बी.ए. झाल्याबरोबर नोकरी लागेल, असं मी सांगणार नाही. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेता येतो. 2013 पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सगळ्यांनाच आहे. वकिली, पत्रकारितेत युक्तिवाद तपासायची सवय रोज कामी येते. पण केवळ परीक्षेसाठी हा विषय घेऊ नकोस, कंटाळशील. आणि सगळ्या कॉलेजांत तो नसतो, तेव्हा अर्ज भरण्याआधी चौकशी कर. देशपांड्यांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. ते वाच आणि आठ दिवसांनी ये. तरीही हाच विषय हवासा वाटला, तर दादाशी मी स्वतः बोलते.