कवळीवरील जैवपटल व बुरशीनाशकांचा प्रतिरोध

कवळी वापरणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या टाळूची लाली व दाह क्लोट्रिमाझोलच्या माउथ पेंटने शमतो आणि काही दिवसांतच पुन्हा उद्भवतो. मग औषध बदलले जाते, क्वाथ बदलला जातो. कवळीकडे मात्र कोणी पाहत नाही. या पुनरुद्भवाचे कारण कळण्यासाठी कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टची दोन रूपे ध्यानात घेतली पाहिजेत.

द्रवात सुट्या तरंगणाऱ्या पेशी हे एक रूप. औषधाची किमान रोधक मात्रा प्रयोगशाळेत सामान्यतः याच पेशींवर ठरविली जाते. दुसरे रूप जैवपटलाचे, म्हणजे बायोफिल्मचे. पेशी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकला चिकटतात, त्यांना तंतू फुटतात आणि एक-दोन दिवसांत चिकट आवरणाखाली त्यांची वसाहत पक्व होते. ग्लासगो येथील हॉसर व डग्लस यांनी १९९५ मध्ये कॅथेटरच्या चकत्यांवर असे पटल वाढविले. प्रचलित पाच बुरशीनाशकांना ते दाद देत नाही, असे त्यांना आढळले. फ्लुकोनाझोलच्या बाबतीत सुट्या पेशींच्या हजारपट मात्राही पटलाला अपुरी पडल्याच्या नोंदी आहेत. एवढी मात्रा रुग्णाला देणे अर्थातच अशक्य.

बुरशी तीच असता हे का घडावे? पटल कोवळे असताना पेशी औषध बाहेर उपसून टाकतात. पुढे आवरणातील ग्लुकन फ्लुकोनाझोलला वाटेतच बांधून ठेवते. शिवाय काही सुप्तप्राय पेशी औषधाच्या माऱ्यातूनही तग धरतात व नंतर वाढू लागतात.

आपल्या द्रव्यांविषयीचे बरेच अहवाल आगर थाळीवरील रोधवलयाच्या मापाशीच थांबतात. त्या चाचणीत पक्व पटल नसतेच. म्हणून माहितीपत्रकात ‘बुरशीनाशक’ हा शब्द दिसताच चाचणी कशावर झाली, हे औषधविक्रेत्यांनी जरूर विचारावे.

आमच्या मते येथे निदानपरिवर्जनास पहिले स्थान हवे. कवळी रात्री काढून ठेवावी, रोज मऊ ब्रशने व साबणाने घासावी. खरखरीत दंतमंजन टाळावे. त्याने पडलेल्या ओरखड्यांत यीस्टला आयताच आश्रय मिळतो. त्रिफळा क्वाथाचा कवल द्यावयाचा तर कवळी काढूनच. रक्तशर्करा तपासून घ्यावी. सैल कवळी दंतवैद्यांकडून नीट करून घ्यावी. मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या रुग्णास ताप आल्यास मात्र आपल्याकडे वेळ न दवडता त्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे. पटल त्या नळीवरही असू शकते.